अठ्ठेचाळिसावं पान

सासूबाईंनी टेबल दिलं, तेव्हाच मला संशय आला होता.

त्या लहान घरात राहायला गेल्या आणि टेबल तिथे मावत नव्हतं, हे कारण वरवर पाहता ठीक होतं. पण सासूबाई वस्तू देतात तेव्हा सोबत सूचना देतात. मिक्सर दिला तेव्हा अकरा सूचना होत्या, त्यातल्या दोन मिक्सरबद्दल नव्हत्याच, माझ्याबद्दल होत्या. आणि या टेबलाबरोबर सूचना आली एकच. "ओल्या फडक्याने पुसू नकोस." बस. एवढ्या जुन्या, एवढ्या नाजूक वस्तूला एकच सूचना? याचा अर्थ बाकीच्या लपवल्या.

टेबल सुंदर होतं, हे कबूल करते. एखाद्या बाईने खिडकीशी बसून पत्रं लिहावीत म्हणून कोणीतरी जीव ओतून केलेलं. पाय हरणाच्या पायांसारखे बारीक. उतरतं झाकण पुढे ओढलं की त्याची लिहायची फळी होते, आणि आत छोट्या छोट्या खणांची रांग. वर दोन दारांचं बुटकं कपाट, दारांना काच, आणि काचेवर आतल्या बाजूने रंगवलेल्या दोन बायका. डावी फूल हुंगतेय, उजवी पत्र वाचतेय. वाचतेय म्हणजे पत्र हातात आहे, डोळे मात्र आपल्याकडे. मी स्वयंपाकघरात गेले तरी ती बघत होती. न्हाणीघराच्या दाराशी गेले तरी बघत होती. झाकणाच्या कडेने काळपट लाकडात पांढऱ्या तुकड्यांची वेल जडवलेली होती, एकेक पान नखाएवढं.

नखाएवढं म्हणजे नेमकं गिळण्याएवढं.

आमची ढमी दीड वर्षाची. तिला एकूण दोन शब्द येतात, "आई" आणि "थू". दुसरा शब्द कोणी बसून शिकवलेला नाही, दिवसातून चाळीस वेळा ऐकून तिने तो आपला आपण उचलला. बटण, चप्पल, रिमोटचा सेल, मेलेली माशी, सगळ्याची चव तिने घेतलेली आहे. हा गुण आमच्याकडून आला नाही असं सासूबाईंचं मत. नवरा वर्तमानपत्राच्या प्रत्येक पानाला बोट जिभेवर लावतो, त्याकडे त्यांचं लक्ष नसतं. वर हे ऐकावं लागतंच, "तुमचं हल्ली फार असतं बाई. आम्ही नाही मुलांच्या मागे तोंड उघड, तोंड मीट करत फिरलो. आमची मुलं वाढलीच की."

असं टेबल आपल्याला हवं, ही माझी फार दिवसांची इच्छा. कॉलेजात असताना मी बरं लिहायचे. ढमी झाल्यापासून लिहिलं ते फक्त लसीच्या तारखांचं कॅलेंडर. म्हणून टेबल आलं त्या शनिवारी, ढमी झोपल्यावर, मी मोठ्या थाटात फळी उघडून बसले, पेनाचं टोपण काढलं आणि टेबलापासून असलेल्या धोक्यांची यादी लिहिली. काच. कोपरे. झाकणात बोट सापडणे. रंगात शिसे असणे. हिरव्या रंगात आणखी काहीतरी असणे. शेवटी, पाने अठ्ठेचाळीस, सर्व घट्ट. प्रत्येक पान मी नखाने हलवून पाहिलं होतं.

रविवारी शेजारच्या माहितीकाकू टेबल बघायला आल्या. काकूंना हे नाव आम्ही ठेवलेलं आहे, त्यांना ते माहीत नाही. त्यांना माहीत नसलेली ती एवढी एकच गोष्ट.

"जुनं लाकूड म्हणजे जंतूंचं घर," काकू म्हणाल्या. "गरम पाण्यात फडकं बुडवायचं, घट्ट पिळायचं आणि रगडून पुसायचं."

"सासूबाई म्हणाल्यात ओलं फडकं लावू नकोस."

"का म्हणे?"

"ते नाही सांगितलं."

काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "बघ हो," म्हणाल्या.

त्या "बघ हो"मध्ये इतकं काही होतं, की सोमवारी सकाळी नवरा कामावर गेल्या गेल्या मी पाणी गरम करत ठेवलं.

उजवी बाजू पुसली, काही झालं नाही. डावी पुसायला घेतली आणि फडक्याला फेस आला. थोडासाच, पण फेस. वर कसलासा गोडसर वास. लाकडाला फेस येत नाही एवढं विज्ञान मीही शिकलेय. जुन्या रंगात काहीतरी होतं आणि गरम पाण्याने ते जागं झालं, हे उघड होतं. मी फडकं दोन पिशव्यांत बांधून बाहेर टाकलं, हात तीनदा धुतले, आणि मग धीर करून पानं मोजली.

सत्तेचाळीस.

पुन्हा मोजली. सत्तेचाळीस. डावीकडे, खालून तिसऱ्या जागी, पानाच्या आकाराचा स्वच्छ खड्डा. आणि टेबलाखाली आमची ढमी बसलेली, गाल हलताहेत, चेहऱ्यावर परम समाधान.

"थुंक!"

"थू," ढमी म्हणाली आणि थुंकली नाही. बोट घालून पाहिलं, तर बिस्किटाचा लगदा. पण बिस्किटाच्या आधी काय खाल्लं असेल, ते बिस्किट थोडंच सांगणार?

माझी हाक ऐकून काकू धावत आल्या. खड्डा पाहून म्हणाल्या, "हस्तिदंत आहे हो हा! जुन्या सामानात हस्तिदंतच असतो." ढमीला उचललं आणि आम्ही दवाखाना गाठला. दवाखान्यात काउंटरवर एक मुलगी, मान खाली, हातात पेन.

"काय झालंय?"

"हिने तुकडा गिळलाय."

"कशाचा?"

"दंताचा."

"दात गिळला?" तिने ढमीच्या तोंडात पाहिलं. "सगळे दिसताहेत की. कोणाचा गिळला?"

"हत्तीचा," मी म्हणाले.

पेन थांबलं. मागच्या बाकावरचे खोकणारे आजोबा खोकायचे थांबले.

"अख्खा नाही," मागून काकूंनी खुलासा केला. "नखाएवढाच."

"हत्तीचं नखही गिळलंय?"

शेवटी तिने काय लिहिलं ते मी वाचलं नाही. पण डॉक्टरांनी कागद पाहिला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा कागद पाहिला. ढमीचं पोट दाबलं. ढमीने त्यांची टाय तोंडात घातली.

"खेळतेय, खातेय, रडत नाहीये. घाबरायचं कारण दिसत नाही. चार दिवस बघत राहा."

"काय बघत राहू?"

"अहो, तुम्हाला कळलंय."

मला कळलं होतं.

"आणि तो तुकडा नक्की कशाचा होता, ते एखाद्या जाणत्या माणसाला विचारून ठेवा. त्यात शिसं वगैरे निघालं तर लगेच मला सांगायचं."

त्या चार दिवसांत मी काय पाहिलं, त्याचं वर्णन करत नाही. दोन वेळा दोन हातमोजे चढवून, दिव्याखाली, भिंग घेऊन पाहिलं, एवढं पुरे. भिंग नवऱ्याच्या तिकिटांच्या संग्रहातलं होतं. त्याला हे अजून सांगितलेलं नाही.

त्याला मी एवढंच बजावलं होतं की सासूबाईंच्या कानावर यातलं काही घालू नकोस. माझी इज्जत त्या टेबलाइतकीच जुनी आणि नाजूक आहे, आणि तिला "तुमचं हल्ली फार असतं" हे आणखी एकदा सोसणार नव्हतं. त्याने सोमवारी संध्याकाळीच फोन करून सगळं सांगितलं. म्हणे आईने विचारलं, टेबल कसं आहे. मग काय खोटं बोलायचं? लगेच माझा फोन वाजला.

"कुठलं पान गेलं?" सासूबाईंनी विचारलं. "डावीकडचं? खालून तिसरं?"

मी चमकून नवऱ्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली. कुठलं पान ते त्याला माहीतच नव्हतं.

"हो. पण तुम्हाला कसं..."

"ओल्या फडक्याने पुसलंस ना?"

"थोडंसं."

पलीकडे टीव्ही बंद झाला. मग, "हे बघ, तिने काही गिळलेलं नाही. काळजी करू नकोस."

"तुम्हाला कसं माहीत?"

"सांगतेय ना मी!"

"पण आई, फेस आला होता."

"येतो!" असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

येतो? ज्या बाईला मिक्सरबद्दल अकरा सूचना सुचतात, तिला फेसाबद्दल एकच शब्द? त्या रात्री मी टेबल हॉलच्या दुसऱ्या टोकाला सरकवलं. पत्रवाली बाई तिथूनही बघत होती. आता तर तिला पत्रात काय आहे ते पूर्ण माहीत आहे, आणि ते ती सांगणार नाही, असाच तिचा चेहरा दिसत होता.

मंगळवारी मिस्त्री आले, जुन्या सामानाची दुरुस्ती करणारे. त्यांनी टेबलाभोवती एक फेरी मारली, वेलीवरून अंगठा फिरवला, अंगठ्याचा वास घेतला, डोळे मिटले.

"हस्तिदंत," डोळे न उघडता म्हणाले. "ताई, कागद आहेत का याचे?"

"कसले कागद?"

"हस्तिदंत घरात ठेवायला परवाना लागतो. नाहीतर जप्त करून नेतात."

"टेबल?"

"टेबल, आणि कधी कधी माणूससुद्धा," असं म्हणून मिस्त्रींनी पान बसवून द्यायला साफ नकार दिला. कागद दाखवा, मग हात लावतो. जाताना त्यांनी आपण कुठेकुठे हात लावला होता ते रुमालाने पुसून घेतलं. हे पाहून मला झोप येणं शक्यच नव्हतं.

बुधवारी ढमीला कडेवर घेऊन मी वन्यजीव कार्यालयात गेले. तीन खिडक्या. पहिलीवर पाटी, "जिवंत प्राणी". दुसरीवर, "मृत प्राणी". तिसरी बंद. मी दुसरीशी उभी राहिले. आतल्या कारकुनांनी अर्ज पुढे सरकवला. प्राण्याचे नाव. वय. नर की मादी. पाळीव की रानटी. अर्जदाराशी नाते.

"नाते?" मी विचारलं.

"वस्तू कोणाकडून आली?"

"सासूबाईंकडून."

"मग तसं लिहा."

प्राण्याच्या नावापुढे हत्ती आणि नात्यापुढे सासू, असा अर्ज माझ्या सहीने त्या कार्यालयात आजही आहे. सासूबाई हे वाचत असतील तर त्यांनी मला माफ करावं. चौकटच तशी होती.

कारकुनांनी वाचलं. "एकूण नग अठ्ठेचाळीस, सध्या उपलब्ध सत्तेचाळीस. उरलेला एक कुठे आहे?"

मी ढमीकडे पाहिलं. त्यांनीही ढमीकडे पाहिलं.

"इथे असण्याची शक्यता आहे," मी म्हणाले.

"असं नाही चालत मॅडम. सगळे नग तपासणीला हजर पाहिजेत."

"अहो, पण तो..."

"कधीपर्यंत येईल?"

"डॉक्टर म्हणाले, चार दिवसांत."

त्यांनी हेही शांतपणे लिहून घेतलं, "एक नग मार्गस्थ," आणि शुक्रवारी अकरा वाजता निरीक्षक घरी येतील म्हणून सांगितलं. "नग आला तर धुऊन ठेवा," असं वरून हळूच म्हणाले. माणूस वाईट नव्हता.

शुक्रवार उजाडला, नग आलेला नव्हता. डॉक्टरांचे चार दिवस त्याच संध्याकाळी संपत होते. ढमी मजेत होती, पण मजेत असण्यावर माझा विश्वास नाही. माझ्या मते तो तुकडा आत कुठेतरी आडवा बसला होता आणि वाट बघत होता. मी फोनमध्ये डॉक्टरांचा नंबर काढून ठेवला होता, ढमीची पिशवी भरून दाराशी ठेवली होती, आणि ती शिंकली तरी मी उठून उभी राहत होते.

अकराला दाराची घंटा वाजली. दारात निरीक्षक, हातात फाईल आणि मोजपट्टी. त्यांच्या मागे, हातात पिशवी, घामाघूम, सासूबाई.

"मी म्हटलं होतं ना काळजी करू नकोस!" आत येताच त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "हे कोण?"

"तपासणीला आलेत."

"कशाच्या?"

"तुमच्या हत्तीच्या," मी म्हणाले. त्या मुकाट्याने खुर्चीवर बसल्या.

निरीक्षकांनी खिसे चाचपले. "भिंग ऑफिसात राहिलं. घरात आहे का?"

"आहे," मी म्हणाले आणि आणून दिलं. "धुतलेलं आहे," असंही उगाचच म्हणाले.

त्यांनी वेलीवर भिंग धरलं आणि एकेक पान पाहत गेले. ढमी त्यांच्या बुटाची नाडी चोखत होती. काकू दाराच्या फटीत होत्या, किती वेळापासून कोण जाणे.

"हे हस्तिदंत नाही," निरीक्षक म्हणाले. "हाड आहे. हे बारीक ठिपके दिसतात ना? साधं बैलाचं हाड."

"शिसं?"

"हाडात शिसं कुठून येणार?"

दाराच्या फटीतून काकू म्हणाल्या, "मला वाटलंच होतं, हाड असणार."

मी सुटकेचा श्वास सोडणार, तोच साहेबांनी मोजपट्टी काढली. अर्ज आलाय म्हटल्यावर वस्तूची मापं फाईलला लागायलाच हवीत, हस्तिदंत असो की नसो. लांबी घेतली, उंची घेतली, बाहेरून खोली घेतली. मग डावीकडचा खण ओढून आतून घेतली, आणि थबकले.

"बाहेरून अठरा इंच. खण तेरा. पाच इंच कुठे गेले?"

"राहू द्या हो," सासूबाई एकदम उभ्या राहिल्या. "जुनं लाकूड आहे. आकसलं असेल."

"लाकूड पाच इंच आकसत नाही, आजी."

"आमच्याकडचं आकसतं!"

पण निरीक्षकांच्या फाईलला पाच इंचांची तूट सोसवणारी नव्हती. त्यांनी खण पूर्ण बाहेर काढला, हात कोपरापर्यंत आत घातला, काहीतरी टक्‌ झालं, आणि हात बाहेर आला तो काडेपेटीएवढा एक चोरखण घेऊन. आत पिवळा पडलेला, चौघडी घातलेला कागद. कागदाबरोबर माझ्या तळहातावर पांढरं काहीतरी पडलं.

पान. नखाएवढं. देठाशी दोन चिमुकल्या दातांचे वण.

कागदावर सासूबाईंचं अक्षर होतं. मिक्सरच्या सूचनांचंच, फक्त जरा तरुण.

"वेलीचं एक पान निखळलं. बाळाने गिळलं असं वाटून चार दिवस पाहिलं. निघालं नाही. पाचव्या दिवशी त्याच्याच उशीच्या अभ्र्यात सापडलं. त्या जागी साबण कोरून बसवला आहे. चार दिवस जेवले नाही. घरात कोणाला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही." खाली तारीख. माझा नवरा तेव्हा चौदा महिन्यांचा होता.

साबण. फेस. "येतो!" ढमीने काहीही गिळलं नव्हतं. अठ्ठेचाळिसावं पान मी स्वतःच गरम पाण्याने धुऊन टाकलं होतं, आणि आपल्या पोटच्या पोरीवर आळ घेऊन चार दिवस पुरावा शोधत होते.

"काय लिहिलंय?" निरीक्षकांनी विचारलं. दाराची फट बरीच रुंद झाली होती.

मी वर पाहिलं. सासूबाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. बघत होत्या माझ्याकडे, पण त्या नेहमीच्या नजरेने नव्हे. जिने चार दिवस दिव्याखाली, कोणाला कळू न देता, जे पाहायचं ते पाहिलं होतं, त्या बाईच्या नजरेने. भिंगाशिवाय, असा एक विचार मनात येऊन गेला.

"सुताराची चिठ्ठी आहे," मी म्हणाले. "जुनं पान निघालं म्हणून जपून ठेवलंय, एवढंच."

"म्हणजे एकूण नग अठ्ठेचाळीस?"

"अठ्ठेचाळीस."

"मार्गस्थ?"

"पोचला."

निरीक्षकांनी नोंद केली. अर्ज मागे घेण्यासाठी वेगळा अर्ज दुसऱ्या खिडकीवर मिळेल असं सांगितलं, ढमीच्या तोंडातून नाडी सोडवली आणि गेले. काकूंचं तोंड उघडायच्या आत मी दार लावून घेतलं. अशी संधी आयुष्यात पुन्हा येत नाही.

कागद मी घडी घालून सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो पोलक्यात खोचला. मग त्या न्हाणीघरात गेल्या आणि साबणाची पांढरी वडी आणि भाजीची सुरी घेऊन आल्या.

"खरं पान मिळालंय की आता," मी म्हणाले. "तेच चिकटवू."

"वेडी का काय? निखळलं तर?" त्या फळीशी बसल्या आणि वडीचा कोपरा तासायला लागल्या. "साबणच बरा. पोराने तोंडात घातला की फेस येतो, लगेच कळतं. चार दिवस बघत बसायला नको."

इतकी पक्की सूचना मिक्सरच्या अकरांतही नव्हती.

"अशी धर सुरी. देठाकडून कोरत ये," त्या म्हणाल्या. पहिलं पान माझ्या हातून मोडलं, दुसरं जाड झालं, तिसरं बसलं. खरं पान चोरखणात परत ठेवलं. काचेवरची पत्रवाली बाई बघत होती. बघू दे म्हटलं, आता तीही आमच्यातलीच.

संध्याकाळी नवरा आला. आईला पाहून खूश झाला, टेबल पाहून आणखी खूश झाला. "अरे वा, बसलं पान? कोणी बसवलं? अगदी खऱ्यासारखं दिसतंय." त्याने पानावरून बोट फिरवलं, प्रेमाने, दोनदा. मग आरामात खुर्चीत बसून वर्तमानपत्र उघडलं आणि पहिलं पान उलटायला तेच बोट जिभेवर टेकवलं.

"थुंक!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

आणि टेबलाखालून तिसरा आवाज आला, "थू!"